क्यू कुठं तुंबला?

काम होतं आणि विसरलं जातं, किस्से मात्र साठत राहतात. आमच्या ऑफिसात तर आता क्लायंट कमी आणि किस्से जास्त अशी अवस्था आहे! दर शुक्रवारी दुपारी चहाबरोबर भडंग असतं आणि भडंगाची पिशवी संपेपर्यंत कुणी की-बोर्डला हात लावत नाही. त्या वेळात जे निघतं, त्यातलंच थोडं सांगते.

कराडजवळ मलकापूरला एका ट्रॅक्टरच्या शोरूमच्या वर आमचं ऑफिस आहे. खाली इंजिनांची घरघर, मागच्या बाजूला ऊस आणि मध्ये आम्ही. काम काय, तर गावोगावी दूध संकलन केंद्रं असतात. शेतकऱ्यानं दूध घातलं की तिथल्या मशीनमधून एक मेसेज निघतो. कुणी घातलं, किती लिटर, फॅट किती. सकाळ-संध्याकाळ शेकडो गावांतून हे मेसेज एकदम येऊन धडकतात. ते सगळे झेलायचे, रांगेत लावायचे आणि पुढच्या प्रोग्रॅमच्या हातात एकेक करून द्यायचे, हे ज्या सॉफ्टवेअरचं काम, त्याला म्हणतात मेसेज ब्रोकर. पुढचा प्रोग्रॅम, म्हणजे कन्झ्युमर, मग शेतकऱ्याच्या मोबाईलवर एसएमएस पाठवतो. ही रांग, म्हणजे आमच्या भाषेत क्यू, पळत असला की आम्ही जगात आहोत की नाही हेही कुणाला आठवत नाही. तुंबला की फोन सुरू! मग तो कुठं तुंबला आणि का तुंबला, ते शोधत बसायचं.

माणसं चारच. थोरात सर हे मालक, पुण्यातली नोकरी सोडून कराडला परत आलेले. बिरू म्हसवडचा. घरी मेंढरं, हा कॉम्प्युटर इंजिनिअर. सुभेदार हे सैन्यातल्या सिग्नलमधून निवृत्त होऊन आमची हेल्पलाइन सांभाळतात. त्यांचं खरं नाव काय, हे पगाराच्या दिवशी तेवढं आठवतं. आणि मी वैशाली. माहेर आष्टा, सासर कराड.

* * *

बिरूचं लग्न ठरत नव्हतं तेव्हाची गोष्ट. पोरगा शिकलेला, स्वभावानं गरीब, घरचं चांगलं. तरी दोन ठिकाणांहून नकार आला. का, ते कळेना. शेवटी मधल्या माणसानं सांगून टाकलं.

मुलीच्या मामानं विचारलं होतं, "काय करता तुमी?"

बिरू सरळ माणूस. म्हणाला, "मेसेज ब्रोकरचं काम करतो."

मामा घरी जाऊन म्हणाला, "पोरगा दलाल हाय. आन् जिमिनीचा बी न्हाई, मेसेजचा!"

हे ऐकून सुभेदार पेटले. "अगली बार हम साथ में जायेंगे!" तिसरं स्थळ विट्याचं होतं. सुभेदार मिशीला पीळ देऊन बैठकीत बसले आणि बिरूनं तोंड उघडायच्या आत सांगून मोकळे झाले, "लडका डेटा ट्रान्सपोर्टमध्ये आहे."

मुलीचे वडील एकदम पुढं सरकले. "ट्रान्सपोर्ट? मग गाड्या किती हायत?"

सुभेदार छताकडे बघायला लागले. तेवढ्यात चहा घेऊन आलेली मुलगीच म्हणाली, "अण्णा, गाड्या नसतात त्यात." ती बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेली निघाली. तिनं बिरूला विचारलं, "कन्झ्युमर बंद पडला तर मेसेज जातात का राहतात?"

"राहतात," बिरू म्हणाला. "डिस्कवर लिहिलेले असत्यात."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिथंच लग्न ठरलं!

सासऱ्यांची तासगावाकडं द्राक्षबाग आहे. दर हंगामात त्यांचा फोन येतोच. "जावईबापू, तेवढी एक गाडी आमच्या द्राक्षाला मिळंल का?"

* * *

आमच्या धंद्यातली भाषाही भलतीच. प्रोग्रॅम बंद पडला की तो 'मेला'. अडकून बसला की त्याला 'मारायचा' आणि परत 'उठवायचा'. ज्या मेसेजचं काहीच करता येत नाही तो मेलेल्यांच्या रांगेत. ऑफिसात हे कुणाच्या लक्षात येत नाही. घरी मात्र येतं.

बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, दिवशी मी घरूनच काम करत होते. सासूबाई स्वयंपाकघरात पुरणाची डाळ शिजवत होत्या. बिरूचा फोन आला आणि मी माजघरात येरझाऱ्या घालत बोलायला लागले.

"बिरू, तो मेलाय रे! सकाळपासून तसाच पडलाय. मागं केवढी रांग लागलीय बघ… नाही, आता उठत नाही तो. त्याला उचल आणि मेलेल्यांच्यात टाक, बाकीच्यांना पुढं जाऊ दे… हो हो, घरच्यांना मी सांगते नंतर."

घरचे म्हणजे क्लायंट! फोन ठेवून वळले तर सासूबाई दारात. डाळीचं पातेलं चुलीवरून खाली उतरवलेलं, पदर डोक्यावर, चेहरा गंभीर.

"कोण गेलं गं?"

"कुठं, आत्या?"

"आत्ताच म्हणालीस न्हवं, सकाळपास्नं पडलाय म्हणून?"

मी पुष्कळ समजावून सांगितलं. कन्झ्युमर म्हणजे काय, मेसेज म्हणजे काय, मरतो म्हणजे काय. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बरं. ते तुमचं तुमी बघा. आपल्याला सुतक हाय का न्हाई, एवढंच सांग. पुरण वाटायचं हाय."

* * *

एकदा क्यू हळू चालायला लागला म्हणून थोरात सरांनी हुकूम सोडला, "एक कन्झ्युमर पुरत नाही. दहा लावा!"

दहा लावले. वेग तेवढाच!

बिरूनं आत डोकं घातलं आणि हसायला लागला. एका कन्झ्युमरनं एका वेळी किती मेसेज उचलायचे, याची मर्यादाच घातलेली नव्हती. त्यामुळे जो पहिला सुरू व्हायचा तो आलेले सगळे मेसेज आपल्या पदरात ओढून घ्यायचा आणि एकेक करत बसायचा. मागून आलेल्यांना काही शिल्लकच नाही.

सर म्हणाले, "अरे, मग बाकीचे नऊ काय करतायत?"

सुभेदारांनी पेपरमधून मान वर न करता सांगितलं, "प्रमोशनची वाट बघतायत, सर."

* * *

आष्ट्याजवळच्या एका गावात ज्ञानूतात्या म्हणून आमचे एक जुने सभासद आहेत. एक म्हैस, दोन वेळचं दूध, कधी तक्रार नाही. एका सकाळी त्यांचा फोन आला. सुभेदार बाहेर गेले होते, म्हणून मी घेतला.

"मॅडम, आमचं दूध परत परत यायला लागलंय."

बघते तर खरंच! सकाळचं दूध नऊ लिटर, हा एसएमएस त्यांना सारखा जात होता. कारण किरकोळ होतं. आमचा प्रोग्रॅम एसएमएस पाठवायचा, पण "काम झालं" असं ब्रोकरला कळवायच्या आत लटकायचा. ब्रोकरला वाटायचं काम राहिलंच. मग तो तोच मेसेज परत द्यायचा. परत एसएमएस, परत लटकणं!

"तात्या, माफ करा. लगेच बंद करते."

"आवं थांबा! बंद करू नका!"

"का हो?"

तात्यांचा आवाज एकदम खाली आला. "म्हशीला गिऱ्हाईक आलंय. वट्यावर बसलंय. मी एक शबूद बोललो न्हाई, मॅडम. फोनच वाजतोय. टुंग, नऊ लिटर. टुंग, नऊ लिटर. त्यो गडी नुस्ता फोनकडं बघतोय!"

मला हसू आवरेना. पण एसएमएस बंद करणं भागच होतं. बंद केला, तात्यांना तसं सांगितलं आणि त्या गिऱ्हाइकाला खरं सांगायला लावलं. पुढच्या आठवड्यात मी माहेरी गेले होते, तर तात्या बाजारात भेटले.

"काय तात्या, गेली का म्हैस?"

"न्हाई गेली. गिऱ्हाईक तयार हुतं, तेला खरं सांगिटलं तरी तयार हुतं."

"मग?"

"बायकू आडवी पडली. म्हणती, एवढं दूध देणारी म्हस कोण इकंल व्हय?"

* * *

सरांना एकदा हौस आली. भिंतीवर मोठा टीव्ही लावायचा आणि त्यावर सगळे क्यू दिसायला हवेत, कुठल्या क्यूत किती मेसेज, सेकंदाला किती येतात, किती जातात. हिरवे-लाल आकडे नाचताना दिसले की पाहुण्यांवर छाप पडते! टीव्ही आला. सरांनी तेच सगळं आपल्या मोबाईलवर घेतलं, मग आम्हा तिघांच्याही मोबाईलवर.

आणि त्या दिवसापासून वेग घसरला. पाहुणे आले की जास्तच!

एका दूध संघाचे चेअरमन बघायला आले, तेव्हा तर टीव्हीवर सगळं लाल. सर हातवारे करून समजावतायत, चेअरमन मान हलवतायत, बिरू कोपऱ्यात खाली मान घालून काहीतरी टाईप करतोय. थोड्या वेळानं तो उठला आणि सरळ टीव्हीचं बटण बंद केलं. मग सरांच्या हातातला मोबाईल घेतला आणि तोही बंद केला.

"बिरू!" सर ओरडले.

"सर, आता बघा." त्यानं लॅपटॉप वळवून दाखवला. क्यू सुसाट! टीव्ही आणि पाहुण्यांसमोर उघडलेले मोबाईल मिळून ब्रोकरला क्षणाक्षणाला विचारत होते, तुझ्याकडं किती मेसेज आहेत, आता किती, आता किती? उत्तरं देण्यातच त्याचा जीव जात होता.

चेअरमननी सगळं नीट समजून घेतलं. "म्हंजी आपण बघत बसलो की काम थांबतंय?"

"तसंच म्हणा, साहेब."

चेअरमन सोबतच्या मॅनेजरकडे वळले. "मग माझ्या केबिनला तुमी काच कशाला लावलीया?"

* * *

आता उसाचा किस्सा. हा ऐकून बाहेरचे लोक विश्वास ठेवत नाहीत, पण आमच्या चौघांच्या डोळ्यांदेखत घडलेला आहे.

क्यू मधूनच मंदावायचा. वेळ ठरलेली नाही, दिवस ठरलेला नाही. मेसेज जास्त असताना पळायचा आणि कमी असताना रांगायचा. आम्ही नेटवर्क तपासलं, मेमरी तपासली, प्रोग्रॅम उलटे-पालटे केले. संघाकडून दोनदा ताकीद आली. परत असं झालं तर काम दुसऱ्या कंपनीला देऊ, म्हणाले. सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. तो एकच मोठा क्लायंट होता. तो गेला असता तर शोरूमवाल्याला जागा परत करायची वेळ आली असती.

एका दुपारी बिरू बाहेर चहा पिऊन आला, स्क्रीनकडे बघितलं, परत बाहेर गेला, परत आत आला. असं त्यानं बऱ्याच वेळा केलं. मग सरांसमोर उभा राहिला.

"सर, वारं सुटलं की क्यू तुंबतोय."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग अगदी मायेनं म्हणाले, "बिरू, तू घरी जाऊन ये जरा. सिद्धनाथाचं दर्शन घेऊन ये."

"न्हाई सर, खरंच सांगतो! वारं पडलं की परत पळतोय."

कुणाचा विश्वास बसेना. पण बिरूनं हट्ट सोडला नाही. सर्व्हरच्या खोलीत जाऊन त्यानं एकेक वायर हातानं धरून कुठं जाते ते बघितलं आणि मागच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यापाशी येऊन थांबला. सरांच्या मेहुण्यानं हे कॅमेरे बसवून दिले होते. वेगळं मशीन कशाला, म्हणून त्यानं रेकॉर्डिंग आमच्याच सर्व्हरच्या डिस्कवर टाकलं होतं. समोर काही हललं तरच रेकॉर्डिंग चालू व्हायचं. आणि कॅमेऱ्याच्या समोर काय होतं? ऊस! वारं सुटलं की आख्खा फड हलायचा, कॅमेऱ्याला वाटायचं चोर आले, डिस्क रेकॉर्डिंगमध्ये गुंतायची आणि मेसेज लिहून घ्यायला तिला सवडच मिळायची नाही.

"आधी खात्री करू," सर म्हणाले. वारं तर पडलेलं. मग सुभेदारांना खाली उसाजवळ उभं केलं. बिरू खिडकीतून ओरडला, "काका, पळा!"

सुभेदार जागच्या जागी पळायला लागले. आलेख खाली!

"थांबा!"

आलेख वर!

"पळा!" खाली. "थांबा!" वर. सर आनंदानं टाळ्या वाजवायला लागले. सुभेदारांना इतका जोर चढला की ते सांगितल्याशिवायच उठाबशा काढायला लागले.

तेवढ्यात उसाचा मालक बांधावरून आला. सुभेदारांकडे बघत तो मला खालूनच म्हणाला, "ताई, फौजींना काय झालंय?"

मी सगळं समजावून सांगितलं. तुमचा ऊस हलतो, त्यामुळे आमचा कॉम्प्युटर अडतो. मला वाटलं, गडी भांडायला उठणार. पण त्याचा चेहरा खुलला.

"आवं, मग हे तुमच्या कंपनीच्या शिक्क्यावर लिहून द्या की! कारखान्यात दाखवतो. कवापास्नं तोडीसाठी हेलपाटं घालतोय, आता तरी टोळी येईल!"

* * *

हा एक किस्सा आम्ही भडंग खाताना सांगत नाही. कुणी फारच मागं लागलं तर सुभेदार सुरू करतात आणि अर्ध्यावर माझ्याकडे देतात.

कृष्णा गावांत शिरली होती. आमच्याकडे मलकापुरात नुसता पाऊस, पण खाली नदीकाठची केंद्रं एकेक करून गप्प होत गेली. त्यातल्या एका गावाला चारी बाजूंनी पाणी होतं. वीज गेलेली, लोकांचे फोन चार्जिंग संपून बंद. होड्या दुसऱ्या गावांत गुंतलेल्या. त्या गावाचं काय झालं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थोडा उघडला. काही गावांत वीज आली आणि गप्प बसलेली केंद्रं एकदम बोलायला लागली. साठलेले मेसेज एका दमात येऊन आदळले. त्याचं काही नाही, ब्रोकर असतोच त्यासाठी. पण क्यू पुढं सरकेना. बिरूनं शोधून काढलं. एकाच केंद्राचे मेसेज वाट अडवत होते. दुधाच्या जागी शून्य लिटर! आमचा प्रोग्रॅम शून्य म्हणजे चूक समजायचा. मेसेज नाकारायचा, परत घेऊन बघायचा, परत नाकारायचा आणि मग बाजूला टाकायचा. प्रत्येक शून्यापाशी हाच खेळ. मागं सगळ्या जिल्ह्याचे मेसेज खोळंबलेले.

"मशीन भिजलं असणार," थोरात सर म्हणाले. "त्या केंद्राला ब्लॉक कर. बाकीच्यांचे तरी जाऊ देत."

बिरूनं केंद्राचं नाव बघितलं आणि त्याचा हात थांबला. तेच गाव. पाण्यातलं!

"सर, मशीन बिघडलं असतं तर एका तालात शून्यं आली असती. ही बघा. एक आलं, मग बराच येळ काय न्हाई, मग लागोपाठ आली. कोणतरी बसून हातानं टाकतंय."

"अरे, पण पुरात दूध कोण घालणार?"

मी सभासदांचे नंबर मोठ्यानं वाचायला लागले. ओळीनं नव्हते. मध्येच पुढचा, मध्येच मागचा. पण एकही नंबर दुसऱ्यांदा येत नव्हता. सुभेदारांनी हातातला कप खाली ठेवला आणि ते उठून उभे राहिले.

"गिनती चल रही है," ते हळूच म्हणाले. "मॅडम, हे दूध नाही. माणसं मोजतायत."

त्या गावचं केंद्र सुमनआक्का चालवतात. मशीन कसं वापरायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्यात फक्त आकडे टाकता येतात, सभासदाचा नंबर आणि लिटर. निरोप लिहायची सोय नाही. पण नोंद केली की त्या सभासदाच्या मोबाईलवर एसएमएस जातो, हे आक्कांना पक्कं ठाऊक. आणि त्या गावात बऱ्याच घरांनी मोबाईल नंबर दिलेला आहे तो बाहेर असलेल्या पोराचा किंवा पोरीचा. कोण पुण्याला, कोण मुंबईला, कोण फौजेत.

सरांनी खुर्ची ओढली आणि बिरूच्या शेजारी बसले. "ती शून्याची अट काढ. बाजूला टाकलेले सगळे परत रांगेत घे. आणि आधी हेच जाऊ देत."

बिरूनं अट काढली. आज सकाळ, दूध शून्य लिटर, धन्यवाद. असे एसएमएस एकापाठोपाठ सुटले. त्याखाली आमच्या हेल्पलाइनचा नंबर असतो. थोड्याच वेळात फोन वाजायला लागला.

पहिली एक मुलगी होती, पुण्यात नर्स. "मॅडम, कालपासून घरी फोन लागत नाहीये. आणि आत्ता हा शून्याचा मेसेज आलाय. ह्याचा अर्थ काय?"

मी म्हणाले, "ताई, खात्रीनं नाही सांगू शकत. पण आक्कांनी तुमच्या घरची नोंद हातानं केलीय. आमचा अंदाज आहे, घरची माणसं त्यांच्यासमोर आहेत."

मग "थँक्यू हं" एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

दुपारी होडी गावात पोचली आणि तिथून निरोप आला. सगळं गाव शाळेच्या गच्चीवर, सुखरूप! आक्कांनी मशीन आणि बॅटरी डोक्यावरून वर नेली होती. वर पलीकडच्या टॉवरची रेंज मिळाली, तशी त्यांनी लोकांना बोलावून एकेकाची नोंद सुरू केली. सुभेदारांनी ही बातमी कळताच सकाळपासून फोन केलेल्या प्रत्येकाला उलट फोन लावला. एकदाही बसले नाहीत, उभ्यानंच बोलत होते.

संध्याकाळी, रोजच्या संकलनाच्या वेळेला, आक्का परत सुरू झाल्या. आम्ही चौघंही स्क्रीनसमोर. सुभेदार वाचत होते, "शून्य. शून्य. शून्य. शून्य…" आणि एकदम थबकले.

"अर्धा लिटर!"

"आता मात्र मशीन बिघडलं," बिरू म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. सुभेदारांनी स्पीकरवर टाकला. लांबचा आवाज, मागं वाऱ्याचा घोंघाट.

"जय हिंद साहेब! लडाखमधनं बोलतोय. आमच्या गल्लीतल्या समद्या पोरांना घरचं शून्य आलंय. आमालाच तेवढं अर्धा लिटर कसं काय?"

"घरी दूध देणारं काय हाय बेटा?"

"एक गाय हाय, साहेब. पर ती खाली गोठ्यात…"

तो बोलता बोलता थांबला. मग त्याला हसू फुटलं.

"साहेब, तुमी आमची शाळा बघितलीया का?"

"नाही रे."

"तिचा जिना लय अरुंद हाय, साहेब. माणूस बी आडवा हून चढतोय. म्हाताऱ्यानं गाय चढवली कशी?"